आमच्या घरची कावीळ

एका पावसाळ्यात आमच्या घरी कावीळ होती. ती कोणालाही झालेली नव्हती, तरी होती. गल्लीतल्या लोकांनी तिच्यासाठी ऊस आणला, मुळ्याचा पाला आणला, कळमेश्वरजवळच्या एका खेड्यातून मंतरलेली माळ आणली. ती माळ गळ्यात घालून मी कोर्टात उभा राहिलो. माझा खरा आजार वेगळा होता. आमच्याकडे ब्राऊन शुगरच्या पुडीला गर्द म्हणतात आणि ती लागली की त्या आजारालाही गर्दच म्हणतात.

व्यसन सोडवायच्या वॉर्डात नव्याने येणाऱ्यांच्या घरच्यांना वाचायला काहीतरी असावं, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला हे लिहायला सांगितलं. त्यात उपदेश असेल तर मला दाखवू नका, असंही त्या म्हणाल्या. त्यामुळे जे झालं तेवढंच लिहितो.

निदान

लोकांच्या आजाराचं निदान डॉक्टर करतो, माझं फौजदाराने केलं. मी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. कोण किती वाजता आला आणि गेला, यावर डोळा ठेवायचं माझं काम. संध्याकाळी कंपनीची गाडी नागपुरात बर्डीवर सोडायची आणि तिथून मी नंदनवनला घरी जायचो. मधे एका पानठेल्याच्या मागे थोडं काम असायचं. त्या दिवशी तिथे साध्या कपड्यातले पोलीस उभे होते. माझ्या पँटच्या घड्याळखिशातून पुडी निघाली. एकच होती, तीही अर्धी.

कसा लागला, हे सगळे पहिल्यांदा विचारतात. सांगण्यासारखं कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं. बापाने मारलं नव्हतं, कोणी पोरगी सोडून गेली नव्हती. बबन नावाचा माझा शाळेपासूनचा सोबती होता, तो गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा. त्याने सिगारेटीत घालून दिला आणि मला छान वाटलं. काही महिन्यांनी छान वाटणं संपलं आणि न घेतलं तर वाईट वाटणं सुरू झालं. त्यात गोष्ट अशी काहीच नाही.

पोलीस चौकीत मला जांभया सुरू झाल्या. मग नाक वाहू लागलं, अंगावर काटा आला आणि पाय जागेवर ठेववेनात. एक हवालदार म्हणाला, "याले हिवताप हाय वाटते."

दुसरा जुना होता. "हिवताप नाई बापा, याले मालाची याद येऊन राहिली."

माझे बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. ते आले, टोपी काढून फौजदारासमोर बसले आणि म्हणाले, याच नावाचा दुसरा कोणी मुलगा असेल, एकदा पाहून घ्या. असं ते दोनदा म्हणाले. मी समोरच्या बाकावर बसलो होतो.

कबुली

उमरेडकडचा मामा जामीन राहिला आणि मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी बाबांच्या ओळखीचे वकील घरी आले. त्यांनी चहा घेतला आणि दोन रस्ते सांगितले.

पहिला रस्ता खटला लढण्याचा. पंच कच्चे आहेत, पुडी अर्धी आहे, माणूस पहिल्यांदा सापडलाय, तेव्हा सुटण्याची आशा बरी आहे. दुसरा रस्ता नव्या कायद्यातला होता. कायदा इतका नवा होता की त्यांनी तो स्वतः अजून वापरून पाहिलेला नव्हता, असं ते हसत म्हणाले. गुन्हा कबूल करायचा. माल थोडा असेल आणि माणूस व्यसनी असेल तर कोर्ट लगेच शिक्षा देत नाही. त्याची तयारी असेल तर बंधपत्र घेऊन सरकारी दवाखान्यात उपचाराला पाठवतं. मधून मधून कोर्टात हजर व्हायचं आणि डॉक्टरांचा अहवाल द्यायचा. नीट झाला तर समज देऊन सोडतात. पुन्हा सापडला तर राहिलेली शिक्षा वाट बघतच असते.

"म्हणजे माझा मुलगा गुन्हेगार आहे हे मी आधी मान्य करायचं," बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही, त्याने," वकील म्हणाले.

बाबांना खटला लढायचा होता. तीस वर्षं कचेरीत कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. माझी धाकटी बहीण कुंदा हिची उमरेडच्या एका घराशी बोलणी चालली होती. माणसं चांगली, मुलगा शिक्षक. कबुली म्हणजे सगळ्यावर पाणी.

माय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने वकिलांना एकच विचारलं. "खटला चालते तोवर हा कुठी राह्यते?"

"घरीच. जामिनावर आहे ना."

"अन् तो पानठेला?"

वकिलांनी पानठेल्याचा विचार केलेला नव्हता. मी केलेला होता. माझं शरीर त्या वेळीही तिकडेच जायचा हिशेब करत होतं. खटला लढलो असतो तर बहुधा सुटलो असतो आणि बहुधा मेलो असतो. मी म्हणालो, "मले कबूल करा लागते." बाबा उठून आत गेले.

मॅजिस्ट्रेट मध्यम वयाचे, हळू बोलणारे होते. त्यांनी मला विचारलं, उपचाराला तुमची संमती आहे का. मी हो म्हणालो. "कोणी सांगितलं म्हणून हो म्हणताय का?" मी म्हणालो, नाही साहेब, भीती वाटते म्हणून. कशाची, हे त्यांनी विचारलं नाही. स्टेनोला मजकूर सांगू लागले.

वॉर्ड

उपचार जिथे होते त्या जागेला डॉक्टर मनोरुग्णालय म्हणतात, आणि नागपुरात कोणत्याही रिक्षावाल्याला पागलखाना म्हटल्याशिवाय ती कळत नाही. माय रिक्षावाल्याला तसं म्हणायला तयार होईना. तिने दोन चौक आधीच रिक्षा सोडली आणि आम्ही उन्हातून चालत गेलो. मला तेव्हा चालवत नव्हतं, पण तिला तेवढं अंतर हवं होतं.

पहिल्या दिवसांबद्दल थोडंच लिहितो. ते वाचून कोणाचं भलं होत नाही. पाठ, पिंढऱ्या, पोट, सगळं एकाच वेळी ओढलं जातं. झोप येत नाही. स्वतःच्या अंगावरची चादरही नकोशी होते आणि काढली की थंडी वाजते. मी मरणार, असं मला वाटलं आणि मी तसं सांगितलंही. वॉर्डातला अटेंडंट मडावी म्हणून होता. तो म्हणाला, "मरत नाई भाऊ. मरन असं वाटते, पन मरत नाई." हे तो सगळ्यांना म्हणायचा, शेजारच्या खाटेवरच्यालाही त्याच चालीत म्हणाला. तरी मला त्याचा आधार वाटला.

नंतरचे दिवस सोपे आणि लांब होते. सकाळी घंटा, मग चहा, मग गोळ्यांसाठी रांग. गोळी गिळली की मडावीला जीभ उचलून दाखवायची. दुपारी अंगणातल्या कडुनिंबाखाली बसायचं. आमच्यात एक ट्रक ड्रायव्हर होता. तो कोर्टाकडून नव्हे, बायकोकडून आला होता. त्याला माझा हेवा वाटायचा. म्हणायचा, तुला निदान जज आहे, माझ्याकडे अपील नाही.

एक दिवस सकाळी उठलो तर भूक लागलेली होती. किती दिवसांनी, आठवत नाही. वॉर्डातली पातळ डाळ आणि जाड पोळी मी मागून मागून खाल्ली आणि खाताना मला रडू आलं. मडावीने न विचारता आणखी एक पोळी टाकली.

डॉक्टरीणबाई सोडताना म्हणाल्या, "इथे तुम्ही बरे झाला नाहीत, फक्त अंगातून तो निघाला. बरं व्हायचं ते घरी. तिथे कोण येतं, कोण जातं ते बघा." माय मान डोलवत होती. पुढे काय होणार आहे ते तिला माहीत होतं, कारण ते तिनेच करून ठेवलं होतं.

कावीळ

मी वॉर्डात असताना गल्लीत विचारणा सुरू झाली होती. आमच्या शेजारी वानखेडे काकू राहायच्या. मनाने सोनं, पण त्यांच्या नजरेतून कुत्र्याचं पिल्लूही सुटत नसे. त्यांनी मायला विचारलं, मुरली दिसत नाही तो. माय म्हणाली, कावीळ झाली, उमरेडले मामाकडे ठेवलाय, तिथे औषध देणारा आहे. तिला दुसरं काही सुचलं नाही. खरं सांगितलं असतं तर कुंदाची बोलणी त्याच दिवशी संपली असती.

मी घरी आलो तो वाळलेला, पिवळट, डोळे खोल गेलेला. कावीळ झालेल्या माणसाने याहून वेगळं दिसायला हवं असं कोणालाच वाटलं नाही. काकूंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. "अजून उतरली नाई वं," त्या मायला म्हणाल्या, "फोडनी बंद कर."

फोडणी बंद झाली. माझी भूक नुकती परत आली होती आणि आमच्या घरात बिनातेलाची, बिनाहळदीची उकडलेली मुगाची डाळ शिजू लागली. चोरून फोडणी द्यावी तर वास काकूंच्या ओसरीवर जायचा. लोक ऊस घेऊन यायचे आणि मी सोलून खाईपर्यंत समोर बसायचे. कुंदा ताटाखाली लपवून लाल मिरचीचा ठेचा आणून द्यायची. ती माझ्याशी फार बोलत नव्हती, पण ठेचा आणायची. एकदा म्हणाली, "तुले खरंच कावीळ झाली असती तं बरं झालं असतं." मलाही तसंच वाटत होतं.

मग काकूंनी माळ आणली. लहान लहान काड्या दोऱ्यात गुंफलेली, पहिल्यांदा टाळूवर ठेवायची. काड्या वाळतात तशी माळ सैल होते, खाली सरकते, कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. पायातून निघाली की कावीळ गेली. ती काढायची नसते. माळ माझ्या डोक्यावर ठेवताना काकूंनी सांगितलं, त्यांचा एक भाऊ काविळीने गेला होता. हे मला तेव्हा कळलं आणि खोटेपणाची खरीखुरी लाज वाटली.

कोर्टातली माळ

पुढच्या तारखेला माळ गळ्यापर्यंत उतरली होती. मी ती काढून जाणार होतो, पण काकू ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मग तशीच राहू दिली आणि कोर्टात पोचेपर्यंत विसरलो.

मॅजिस्ट्रेटांनी डॉक्टरांचा अहवाल वाचला. चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"गळ्यात काय आहे?"

"काविळीची माळ, साहेब."

"कावीळ झालीय का? अहवालात नाही."

"नाही साहेब, कावीळ नाही."

मागे कोणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी मायला पुढे बोलावलं. ती पदर सावरत आली आणि त्यांनी विचारल्यावर सगळं सांगून टाकलं, कावीळ, मामा, ऊस, कुंदा. मी तिला कोणाही पुरुषापुढे एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

ते म्हणाले, "बाई, मी याला तुरुंगात न पाठवता तुमच्या घरी पाठवलंय. तुरुंगाला फाटक असतं. तुमच्या घराचं फाटक कोण सांभाळतं?"

"मी सांभाळतो ना साहेब," माय म्हणाली. आमच्याकडे बायाही कधी कधी असंच बोलतात.

येताना नंदनवनच्या थांब्यावर उतरल्यावर माय म्हणाली, "त्या साहेबाच्या घरी पोरगी नसन लग्नाची."

पाहुणा

आजारी माणसाला बघायला येणाऱ्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. काविळीत तर नाहीच, ती काही लागणारी गोष्ट नाही. त्यामुळे बबन आला.

तो उसाच्या रसाची बाटली घेऊन आला. स्वच्छ शर्ट, केस ओले करून बसवलेले. माझ्या खाटेशी बसला, तब्येत विचारली आणि जाताना हात हातात घेतला. हात सुटला तेव्हा माझ्या मुठीत पुडी होती.

मी ती किती वेळ धरून बसलो ते माहीत नाही. घामाने कागद ओला झाला. शौर्य वगैरे काही नव्हतं. मला ती हवी होती, आणि त्याच वेळी वॉर्डातली ती चादर आठवत होती. माय पाण्याचा गडवा घेऊन आली, तेव्हा मी मूठ उघडून तिच्यासमोर धरली. म्हणालो, "माय, याले आत येऊ देऊ नको. पुढच्या टायमाले मी तुले दाखवनार नाई."

तिने पुडी चुलीत टाकली आणि चुलीपासून दूर जाऊन उभी राहिली, धूरही लागेल म्हणून. मग म्हणाली, "येऊ देऊ नको म्हनतं, पन सांगू काय मी त्याले? अन् लोकायले?"

चार दिवसांनी बबन पुन्हा आला. काकू आमच्याकडेच बसलेल्या होत्या. त्याला पाहून म्हणाल्या, "किती जीव हाय या पोराचा मुरलीवर. चहा ठेव वं, उपाशीपोटी आला असन."

मायने चहा ठेवला. आपल्या मुलाला मारायला आलेल्या माणसासाठी तिने चहात दूध जास्त घातलं, कारण काकू बघत होत्या. मग ती बबनच्या समोर जमिनीवर बसली आणि त्याचे दोन्ही हात कुठे आहेत ते पाहत राहिली. कप उजव्या हातात होता. डावा गुडघ्यावर. काकू उसाच्या रसाबद्दल बोलत होत्या. त्या दिवशी त्याने पुडी दिली असती तर मी घेतली असती. मायला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. बबन उठला तशी तीही उठली आणि आम्हा दोघांच्या मधे उभी राहून म्हणाली, "हात नोको लावू बापा त्याले, माळ तुटन."

बबन हसला. म्हणाला, येतो पुन्हा.

घरात पुडी सापडली तर काय होईल हे आम्हाला ठाऊक होतं. तारीख जवळ आली होती. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "पोळा होऊ दे, मग बघू." ते त्या काळात सगळ्यालाच पोळा होऊ दे म्हणत होते, कारण उमरेडची माणसं पोळ्यानंतर यायची होती.

मारबत

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलून वस्तीबाहेर टाकायच्या. टाकताना घरातल्या सगळ्या पीडांची नावं घ्यायची आणि पीडा वाहून नेणाऱ्या मारबतीला सांगायचं, घेऊन जा. जुन्या नागपुरात मारबतीच्या मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, पण नंदनवन तेव्हा अर्धं शेतच होतं. आमच्या गल्लीतले बहुतेक लोक खेड्यांतून आलेले. ते आपापले मेढे घेऊन गल्लीच्या टोकाच्या नाल्यावर जायचे.

पाऊस नुकता थांबला होता. मी माळ छातीवर घेऊन मागे उभा होतो. काकूंचा आवाज मोठा, म्हणून सुरुवात त्याच करायच्या.

"खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!"

सगळे ओरडले. पोरंही ओरडली.

"ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत!"

मग काकू माझ्याकडे वळल्या आणि प्रेमाने ओरडल्या, "मुरलीची कावीळ घेऊन जा गे मारबत!"

गल्ली ओरडली. माय ओरडली नाही. फांदी धरून तशीच उभी राहिली.

"म्हन ना वं," काकू म्हणाल्या. "माय असून तूच चूप? घरच्या मानसानं नाव घेतल्याबगर जाते का ते?"

माय म्हणाली, "खोटं नाव घेऊन कसं जाईन? मंग खरं घरातच राहीन ना."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना बहुतेक कळलं, कारण त्यांनी हात पुढे केला. पण ती तोवर नाल्याच्या काठावर पोचली होती. तिने फांदी डोक्यावर उचलली आणि आमच्या घरात मी कधी न ऐकलेल्या आवाजात ओरडली, "माह्या पोराचा गर्द घेऊन जा गे मारबत!"

मोठी माणसं थांबली. पोरांना फरक कळला नाही. त्यांना जे नाव सांगाल त्यामागे ओरडायची सवय, म्हणून सगळी पोरं एका सुरात ओरडली, "मुरलीभाऊचा गर्द घेऊन जा गे मारबत!" आणि उत्साहाने पुन्हा एकदा ओरडली.

फांदी पाण्यात पडली, कडेच्या गवतात अडकली आणि मग गेली. माय मागे वळून कोणाकडेही न बघता घरी चालू लागली. मी तिच्या मागे. मला लाज वाटत होती आणि अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं हलकंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

नंतर

काकू दोन दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या थेट माझ्या खाटेशी. "माळ दे," म्हणाल्या. मी काढून दिली. "अन् ऊस काहून खाल्ला रे मंग एवढा?" त्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या. "भावाच्या आठोनीनं आनली होती मी ते," म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या. त्या संध्याकाळी आमच्या घरी डाळीला फोडणी पडली. मी जेवलो, पण चव लागली नाही.

बबन आला तेव्हा काकू आपल्या ओसरीवर बसलेल्या होत्या. मी खिडकीतून ऐकलं.

"कोनाकडे गा?"

"मुरलीले पाहाले आलो काकू. कावीळ..."

"त्याले कावीळ नाई. तुले माहीत हाय, त्याले काय हाय ते." मग आवाज चढवून त्या गल्लीला म्हणाल्या, "पाहून घ्या वं हे तोंड सारे जन."

दारं उघडल्याचे आवाज आले. बबन गेला आणि परत आला नाही. आमच्या घराला फाटक नव्हतं ते त्या दिवशी लागलं.

फुकट काही झालं नाही. उमरेडहून निरोप आला, मुलगा अजून शिकणार आहे म्हणे. बाबा कितीतरी दिवस लांबच्या रस्त्याने कचेरीत जात होते. कुंदाने मायशी बोलणं सोडलं. ती माझ्याशी बोलायची, कारण मी आजारी होतो, पण मायला तिने बराच काळ माफ केलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो. घरातला एक माणूस वाचवताना दुसऱ्याचं काय जातं, ते दवाखान्यात कोणी सांगत नाही. कुंदाचं पुढे लग्न झालं. त्या लोकांना बाबांनी पहिल्या भेटीत, चहा येण्याआधीच माझ्याबद्दल सांगितलं होतं.

शेवटच्या तारखेला मॅजिस्ट्रेटांनी सगळे अहवाल पाहिले आणि समज देऊन सोडलं. पुन्हा हात लावायचा नाही असं पुढच्या काही वर्षांचं बंधपत्र घेतलं. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"माळ उतरली वाटतं."

"उतरवली साहेब," मी म्हणालो. ते मायकडे पाहून किंचित मान हलवून पुढची केस पुकारायला सांगून मोकळे झाले.

कारखान्याने परत घेतलं, पण टाइम ऑफिसात नाही. आता मी स्टोअरमध्ये आहे. बर्डीवर उतरत नाही, एक थांबा आधी उतरतो आणि दुसरी बस धरतो. वेळ जातो. जाऊ द्या.

या वर्षीच्या पोळ्याला कुंदा माहेरी आली होती. दुसऱ्या सकाळी मेढे घेऊन आम्ही सगळे नाल्यावर गेलो. काकूंनी खासी-खोकला म्हटला, ढेकूण-मच्छर म्हटले, आणि मग दर वर्षीसारखंच माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मुरलीचा गर्द घेऊन जा गे मारबत." गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "ते तं कवाचेच बरे झाले म्हनते ना काकू, मंग अजून काहून?"

"खोकला एका साली गेला तं दुसऱ्या साली येत नाई का?" काकू म्हणाल्या. "दरसाल म्हना लागते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "अन् तू काहून चूप उभा हाय गा? घरच्या मानसानं नाव घेतल्याबगर जाते का ते?"

माय बाजूलाच उभी होती. तिने आपल्या हातातली फांदी माझ्या हातात दिली. मी काठावर गेलो आणि नाव घेतलं.